फळ्यासमोर भांडायला माणूस

सदफ शिकलगार या बाईचं करायचं काय, हे मला अजून उमगलेलं नाही. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ती गणित शिकवते, मी मराठी. स्टाफरूममधल्या खिडकीकडच्या दोन खुर्च्या आमच्या. मी तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून ती मला आक्का म्हणते, आणि त्या आक्का शब्दाच्या जोरावर माझ्याकडून डबा, छत्री, बदली तास, सगळं उकळते. त्याचं मला काही नाही. पण माझा एक शब्द ऐकेल तर शपथ.

वेंधळी असती तर समजून घेतलं असतं. गणितातली माणसं म्हणे दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून येतात. ही तसली नाही. ऐन संध्याकाळी मंगळवार पेठेतून स्कूटर अशी काढते की रिक्षावाले आपणहून कडेला होतात. गवारीच्या ढिगातून कोवळ्या शेंगा वेचताना भाजीवाली ओरडली, तर ही तिच्यावर दुप्पट ओरडते. पेपर तपासताना हिच्या गठ्ठ्यात कधी बेरीज चुकलेली नाही. दुसऱ्या कुणाचंही काम असू दे, हिची बुद्धी लखलखीत. फक्त स्वतःच्या भल्याची वेळ आली की ती बुद्धी रजा टाकून गावाला जाते.

तिचा विषय अल्जेब्राइक टोपोलॉजी. त्याला मराठीत बैजिक संस्थितिविज्ञान म्हणतात, हे मी मोठ्या हौसेनं कोशात शोधून तिला सांगितलं, तर ती पोट धरून हसली आणि पुन्हा टोपोलॉजीच म्हणायला लागली. तिनं मला समजावलं ते असं. आकारांमधली भोकं मोजायची. आकार ताणा, दाबा, वाकवा, काही हरकत नाही. फाडायचा नाही आणि चिकटवायचा नाही. एवढा छळ करूनही त्याच्यातलं जे बदलत नाही ते शोधायचं. कडबोळं कितीही वेडंवाकडं वळलं तरी त्याचं भोक राहतंच. साध्या आकारांची भोकं डोळ्यांनी दिसतात. पण काही आकार असे असतात की ते डोळ्यांपुढं आणताच येत नाहीत. त्यांची भोकं बीजगणितानं मोजायची, हा हिचा धंदा.

तिच्या वडिलांचा धंदा धार लावायचा. बादशहा शिकलगारांचं मंगळवार पेठेत दुकान आहे. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, ऊसतोडीचे कोयते, आमच्यासारख्यांच्या विळ्या, सगळं त्यांच्याकडं येतं. मी एकदा माझी कात्री घेऊन गेले होते आणि ही तिथंच स्टुलावर बसून बापाला आपला विषय सांगत होती. कात्रीला बोटं घालायची दोन भोकं, सुरीला एकही नाही, म्हणून कात्री आणि सुरी वेगळ्या. पण धारेची सुरी आणि बोथट सुरी आमच्यात एकच.

बादशहाचाचांनी मशीनच बंद केलं.

"म्हंजे धार असली काय आन् नसली काय, सारखंच?"

"व्हय अब्बा. आमच्या विषयात सारखंच."

"मग मी हितं बसून जल्मभर काय करतोय?"

ही खो खो हसत सुटली. तो माणूस दोन दिवस लेकीशी धड बोलला नाही, असं मला तिच्या आईनं, मेहमुदाभाभींनी, सांगितलं. आणि मी कात्री न्यायला गेले तेव्हा माझ्याकडंही त्यांनी संशयानंच पाहिलं. जणू काही मीच तिला हे शिकवलं.

पीएच.डी. तिनं पुण्यात केली, पुढं दोन वर्षं बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत काढली. तिथून परदेशाची वाट सरळ होती. तेवढ्यात आमच्या कॉलेजात कायमची जागा निघाली आणि ही परत आली. आईबाप इथं, घर इथं. मला विचाराल तर यायलाच नको होतं. पण मला कोण विचारतंय?

बेंगळुरूत म्हणे जिन्याजवळ एक लांबलचक फळा होता. कुणीही चहाचा पेला घेऊन तिथं उभं राहायचं, काहीबाही लिहायचं, आणि येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, हे चूक आहे. मग जुंपायची. जेवणाची वेळ टळून जायची तरी कुणी हटायचं नाही.

"आक्का, आमचं गणित त्या भांडणात असतंय," ती मला म्हणाली होती. "एकटी बसले की मी मलाच फसवते. मला पटलं म्हंजे ते खरं, असं वाटाय लागतं. एक माणूस पाहिजे बघा. फळ्यासमोर भांडायला, एकच."

भांडायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार कोल्हापुरात राहून करणारी ही पहिलीच बाई असेल. इथं साधा पत्ता विचारला तरी समोरचा "कुठं निघालाय पावणं?" असं वरच्या पट्टीत म्हणतो की परगावच्या माणसाला वाटावं, आता बसतोय मार. पण तिला हवं ते भांडण इथं नव्हतं. विभागातले बाकीचे सर शिकवतात चांगलं, पण तास संपला की कुणाला रानात जायचं असतं, कुणाला क्लासवर. संशोधन करायला तिला जोडीदार मिळाला तो थेट गोव्यात, नेल्सन फर्नांडिस नावाचा. एका कार्यशाळेत ओळख झाली आणि मग दर शनिवारी दोघं कॉम्प्युटरवरून बोलायला लागले. त्यातही हिची कुरकुर असायचीच. तो तिकडून नाही म्हणतो तेव्हा इकडं त्याचं चित्र थिजलेलं असतं, आणि भांडणाची सगळी चवच जाते.

दोघं मिळून एक विषय धरून बसले होते. समजा, एका मैदानात बरीच माणसं फिरतायत आणि कुणी कुणाला धडकायचं नाही. त्यांच्या अशा जितक्या म्हणून तऱ्हा होतील, त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा आकार होतो. त्या आकाराची भोकं मोजायची. मी म्हटलं, आमच्या पेठेत संध्याकाळी न धडकता फिरून दाखव, मग मोज. पण त्यांचे पेपर छापून यायला लागले. बाहेरची माणसं त्यांवर लिहायला लागली. आणि तिथंच आमच्या त्रासाला सुरुवात झाली.

आमच्या संस्थेचा नियम असा, की बढती मिळून सहयोगी प्राध्यापक झाल्याशिवाय पीएच.डी.चा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळं बढती म्हणजे तिच्या लेखी पगार नव्हे. बढती म्हणजे एक विद्यार्थी, म्हणजे फळ्यासमोर भांडायला एक माणूस. एवढ्यासाठी तिनं अर्ज केला. आणि दुसरा नियम असा, की पेपरवर ज्याचं नाव पहिलं त्याला पूर्ण गुण, मागच्यांना चिल्लर.

प्राचार्यांनी तिला बोलावलं तेव्हा मी बरोबर गेले. एकटीला सोडलं तर ही स्वतःचंच नुकसान करून येईल हे मला ठाऊक होतं. बरोबर जाऊन मी ते थांबवलं असं नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलं.

प्राचार्य रसायनशास्त्राचे. माणूस वाईट नाही. त्यांच्यात ज्यानं राबून काम केलं त्याचं नाव पुढं असतं.

"मॅडम, तुमचं नाव सगळीकडं शेवटी कसं काय?"

"सर, आमच्यात नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणं लागतात. फर्नांडिस आधी, शिकलगार नंतर."

"ते समजलं. पण काम कुणाचं जास्त?"

"तसं सांगता येत नाही."

"अंदाजे सांगा की. साठ-चाळीस?"

"एक वाक्य दोघांनी मिळून दहा वेळा खोडून लिहिलं, तर त्यातले कुठले शब्द कुणाचे, कसं सांगू सर?"

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. शेवटी त्यांनीच तोड काढली, की फर्नांडिसांकडून चार ओळी लिहून आणा, मुख्य काम तुमचं म्हणून. मी तिला समोर बसून त्या बिचाऱ्या फर्नांडिसला फोन लावायला लावला. तो तिकडून लगेच म्हणाला, आजच पाठवतो. आणि ही काय म्हणते? "नेल्सन, खोटं कशाला लिहितोस?" फोन ठेवला. विषय संपला.

मी रागानं लालेलाल झाले. "अगं बाई, ते खोटं आहे हे तुझ्याशिवाय कळणार कुणाला होतं?"

"नेल्सनला," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, असं कर, अत्तारांच्या घरात लग्न कर. इंग्रजीत ए पहिला येतो, जन्माची ददात मिटेल. गंमत म्हणजे मिरजेच्या अत्तारांचं स्थळ मेहमुदाभाभींनी खरोखरच आणलं होतं. मुलगा चांगला होता. तेही हिनं नाकारलं, आणि अर्जही परत आला.

पुढची दोन वर्षं ती आणि फर्नांडिस एका मोठ्या प्रमेयावर होते. ते छापून आलं. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली, परदेशातल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकानं त्याच्यावर व्याख्यान दिलं. इकडं कॉलेजला बाहेरच्या समितीपुढं दाखवायला संशोधन केंद्र हवं होतं, तेव्हा त्याच शेवटच्या नावाला अचानक तेज आलं. प्राचार्यांनी स्वतः संस्थेकडं शब्द टाकला. एवढं एक प्रमेय धरून खास बाब म्हणून मुलाखत घ्यायची ठरली, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच. मला इतका आनंद झाला की मी पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या पायाशी तिच्या नावानं पेढे ठेवून आले. प्रसादाचा पुडा तिला दिला, तर हिनं एका बैठकीत सगळा संपवला आणि वर म्हणाली, "आक्का, पुढच्या वेळी कवठाची बर्फी आणा."

आता हुस्ना बागवान. हातकणंगल्याची पोरगी, त्या वर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होती. तिच्या वडिलांचा, मुजम्मिल बागवानांचा, स्टेशनबाहेर फळांचा गाडा. त्यांनी मुलीला मनापासून शिकवलं, पण एका अटीवर. रोज घरी परत यायचं, बाहेरगावी राहायचं नाही. म्हणजे तिला पुढं शिकायचं तर कोल्हापुरातच, आणि कोल्हापुरात हा विषय शिकवणारी एकच. सदफचा डोळा तिच्यावर होताच. बढती मिळाली की पहिली विद्यार्थिनी हीच, हे तिनं मनात पक्कं केलं होतं. म्हणून दिवाळीआधीच आपला तो पेपर तिच्या हातात देऊन म्हणाली, यातलं काय चुकीचं वाटतं ते सांग.

मास्तरणीनं असं म्हटलं की शहाणी मुलं म्हणतात, काही नाही मॅडम, छान आहे. हुस्नासुद्धा महिनाभर तसंच म्हणत होती. मग दिवाळीनंतर कॉलेज उघडलं त्या आठवड्यात, एका दुपारी, मी स्कूटरवर घरी सोड म्हणून सांगायला गणिताच्या वर्गात गेले, तर दोघी फळ्यापाशी.

"मॅडम, हितं चिन्ह तेच कसं राहील?" हुस्ना विचारत होती.

"राहतं."

"न्हाय राहत, मॅडम."

"अगं राहतं म्हणते ना!"

"न्हाय राहत!"

हातकणंगल्याची पोरगी, आवाज काय लहान असणार? सदफनं गळ्यातली ओढणी काढली, तिला अर्धा पीळ दिला, दोन्ही टोकं जुळवून धरली आणि म्हणाली, "ह्याच्यावरनं बोट फिरवून आण." हुस्नानं फिरवलं. निघालं तेव्हा बोट ओढणीच्या बाहेरच्या अंगाला होतं, फेरी मारून आलं ते आतल्या अंगाला. पिळलेल्या पट्ट्यावरून एक चक्कर मारली की उलटापालट होते, आणि तिथं अधिकाचं उणं व्हायला हवं. यांनी पेपरात ते अधिकच ठेवलं होतं. सपाट मैदानाची सवय पिळलेल्या मैदानावर तशीच चालवली होती. या धंद्यातल्या माणसांनाच करता येईल अशी चूक. तुमच्या-आमच्या हातून व्हायची म्हटली तरी होणार नाही.

सदफ फळ्याकडं बघत उभी राहिली. मग खडू खाली ठेवला आणि हसायला लागली. मला वाटलं काहीतरी विनोद झाला. तो विनोद नव्हता. ज्या प्रमेयावर मुलाखत उभी होती ते प्रमेय आडवं झालं होतं आणि ही बाई हसत होती.

"आक्का, तिकडं जाणकार माणसांनी तपासलं होतं. कुणाला दिसलं न्हाय. हिला दिसलं!"

आणि तिनं त्या पोरीला मिठी मारली. मला त्या क्षणी दोघींच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. मी तिला स्कूटरवर मागं बसून रस्ताभर समजावलं. चूक कुठं पळून जात नाही. मुलाखत होऊ दे, कागद हातात पडू दे, मग कळव ज्याला कळवायचं त्याला.

"आणि तेवढ्यात कुणी त्याच्यावर पुढचं काही रचलं तर?"

"कोण रचतंय आठवड्यात? दिवाळीतला किल्ला आहे का तो?"

तिनं त्याच संध्याकाळी फर्नांडिसशी बोलून नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं, की आमचं प्रमेय जसं छापलंय तसं खरं नाही. आणि सकाळी प्राचार्यांना जाऊन सांगितलं. मीही गेले. ही माझी खोडच म्हणा.

प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. तरी पुन्हा सांगते, माणूस वाईट नाही. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, चूक कुणाच्या भागात आहे?"

"पेपर दोघांचा आहे, सर."

"ते ठीक आहे. पण तो भाग फर्नांडिसांनी लिहिला होता, एवढी एकच ओळ द्या. मुलाखत मी घडवून आणतो. मग पुढं दुरुस्ती करत बसा की."

"सर, तसं वेगळं काढता येत नाही."

"म्हणजे तुम्ही लिहिला होता?"

"आम्ही लिहिला होता."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरून थांबवलं. "मला खरं सांग. कुणी लिहिला होता तो भाग?"

तिनं स्कूटरला किल्ली लावली. "आक्का, चूक आमची हाय."

"अगं, श्रेय वाटून घेत नाहीस ते नाहीस, निदान खापर तरी वाटून घे!" मी पार्किंगमध्ये ओरडले. पोरं बघत होती. बघू देत. तिनं हेल्मेट चढवलं, म्हणजे ऐकायचंच बंद.

मुलाखत झाली नाही. संशोधन केंद्र रसायनशास्त्राला गेलं. बढतीचा विषय पुन्हा निघायला आता किती वर्षं लागतील, देव जाणे. मी दुकानावर जाऊन बादशहाचाचांना सगळं सांगितलं, म्हटलं बाप तरी हिला चार शब्द सुनावेल. ते कोयत्याला धार लावत होते. ऐकून घेतलं, कोयता बाजूला ठेवला.

"बाई, आमच्यात कात्री नीट न्हाय निघाली तर गिऱ्हाईक येऊन तोंडावर फेकतंय. हिचं उलटंच. ही सोताच गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगती, मी दिलेली कात्री बोथट हाय म्हणून. ह्याला काय म्हणायचं तुमीच सांगा, तुमी मराठीच्या हाय." त्यांनी कोयता पुन्हा उचलला. दोघंही वैतागलेलो, एवढाच काय तो दिलासा.

त्यानंतरचं वर्ष मात्र मला विसरता येणार नाही. हुस्नाची एम.एस्सी. झाली आणि तिला आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला घेतलं. पीएच.डी.ची नोंदणी नाही, मार्गदर्शक नाही, कागदोपत्री काहीच नाही. पण तास संपले की दोघी रिकाम्या वर्गात फळ्यापुढं उभ्या. मोडलेलं प्रमेय पुन्हा उभं करायचं होतं. शनिवारी त्यात गोव्याचा आवाजही मिसळायचा. झाडलोट करणाऱ्या अंबूबाई एकदा घाबरून माझ्याकडं आल्या. "बाई, वर चला लवकर. त्या दोघींची मारामारी लागलीया."

मी वर गेले. सदफ ओरडत होती, हुस्ना तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती, फळा अर्धा पुसलेला, दोघींच्या कपड्यांवर खडूच खडू. सदफचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. बढती गेली, केंद्र गेलं, आणि ही बाई सणाला नटल्यासारखी आनंदात. तिला हवं होतं ते मिळालं होतं ना! मी अंबूबाईंना म्हटलं, चालू द्या, रक्त निघालं तर सांगा.

हुस्ना पाचच्या गाडीला धावत जायची आणि जाता जाता जिन्यातूनसुद्धा काहीतरी ओरडायची. सदफ वरून उत्तर द्यायची.

वर्षअखेर नवा पेपर झाला. जुन्यापेक्षा वेगळं उत्तर निघालं होतं, आणि म्हणे जास्त सुंदर. आता नावं तीन. बागवान, फर्नांडिस, शिकलगार. हुस्नानं ते पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. "मॅडम, माझं नाव मागं घ्या. लोक काय म्हणतील?"

"मी लावलेलं न्हाय. ते तसंच लागतंय."

"पण काम तुमचं..."

"कुठलं काम? दाखव बरं, माझं कुठलं आणि तुझं कुठलं." हुस्नाला दाखवता येईना.

पेपर छापून आला. प्राचार्यांनी हुस्नाचा सभागृहात सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. आमच्या कॉलेजच्या इतिहासात प्रथमच, वगैरे. प्रथम लेखिका, हे शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले की मी मोजायचं सोडून दिलं. सदफ दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मनापासून हं. मी शेजारी बसून दातओठ खात होते. माझ्या रागाची तिला लागण होईल म्हणून मी वाट पाहिली, पण ती पोरीचा फेटा तिरका बसलाय याच काळजीत.

आणि मग बेंगळुरूहून पत्र आलं. तीच संस्था. हुस्नाला पीएच.डी.ला प्रवेश, शिष्यवृत्ती, राहायची सोय. तिच्यासाठी शिफारस सदफनंच केली होती, मला न विचारता.

खरं सांगते, मला वाटलं बाप सोडणार नाही. अगदी खरं सांगायचं तर मी तशी आशाच धरली होती. शिक्षिकेनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं. मुजम्मिल बागवान मुलीला घेऊन कॉलेजात आले. येताना डाळिंबं घेऊन आले होते. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले,

"मॅडम, माझं म्हणणं तुमास्नी म्हाईत हाय. पोरीनं बाहेरगावी ऱ्हायचं न्हाय. पर आता सगळ्या गावानं बघितलं. एवढ्या मोठ्या लोकांच्यात तिचं नाव पयलं छापून आलंय. पयलं नाव हाय म्हटल्यावर बापानं अडवायचं कसं?"

सदफ हसून म्हणाली, "अडवू नका." तिनं त्यांना चहा मागवला. नावं कशी लागतात ते सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिनं आमच्या प्राचार्यांना दहादा ऐकवलं होतं, संस्थेला लेखी दिलं होतं. मी तिच्याकडं बघत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा ही बाई जे खरं ते बोलायची राहिली, आणि तेही स्वतःचं नुकसान करून घ्यायला.

हुस्ना गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तास संपल्यावर सदफ स्टाफरूममध्ये आली नाही. मी वाट पाहून वर गेले. ती त्याच वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी होती, हातात खडू. फळ्यावर एक ओळ लिहिलेली. मला आधी वाटलं विचार करतेय. जवळ गेले तर रडत होती.

माझा सगळा साठलेला राग बाहेर पडला. "रड आता! तुझ्या हातानं घालवलंस सगळं. बढती घालवलीस, पोरगी घालवलीस. एक वाक्य बोलली असतीस तर ती इथं असती. मग आता कशाला रडतेस?"

तिनं नाक पुसलं. "ती तिथंच पाहिजे, आक्का. तिला तिथं शंभर माणसं हायत भांडायला." मग खडूनं बाक दाखवत म्हणाली, "तुम्ही बसता का जरा?"

"कशाला?"

"मी हे सांगते. तुम्ही नुसतं मधीमधी विचारा, हे कशावरून म्हणून."

"अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"ठाऊक हाय मला. तरी विचारा. जोरात विचारा."

मराठीत एम.ए., पीएच.डी., पंचवीस वर्षांची नोकरी, घरी कुकर लावायचा राहिलेला, आणि मी पहिल्या बाकावर बसले. तिनं त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली आणि माझ्याकडं वळून पाहिलं. डोळे लालच होते.

"हे कशावरून?" मी ओरडले.

अंबूबाई दारात डोकावून गेल्या. सदफ फळ्याकडं वळली, लिहिलेलं अर्धं पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.